अमानतीचा हिशेब

शाळेत आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना गणित आणि मराठी शिकवतो. मोहल्ल्यात मात्र आमचे काम वेगळेच आहे. मराठीत लिहिलेला कोणताही कागद आला की तो आधी आमच्याकडे येतो. घरपट्टीची नोटीस, रेशनकार्डाचा अर्ज, तलाठ्याचा उतारा, वकिलाचे पत्र, सगळे वाचून दाखवायचे आणि उर्दूत समजावून सांगायचे. आमची नोकरी ठाणे जिल्ह्यातल्या एका यंत्रमागाच्या गावात. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे मराठी आमच्या घरातच होती. बी.एड. झाल्यावर पगारी शिक्षक झालो आणि बिनपगारी वाचक तर आधीपासून होतोच.

दोन वर्षांपूर्वी, रमजान ईद होऊन आठवडा झाला असेल, एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या. वय पंचेचाळीसच्या पुढे. घरी मशीनवर शिवणकाम करणाऱ्या, उर्दू जेमतेम वाचणाऱ्या. पिशवीत तीन कागद होते. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर केलेला दोन खोल्यांचा खरेदी करारनामा, एक लाइटबिल आणि २०१२ सालची सोनाराची पावती.

"सर, यात माझं नाव कुठं आहे, तेवढं बघा."

आम्ही तिन्ही कागद दोनदा वाचले. त्यांचे नाव कुठेच नव्हते.

हकिकत अशी. बाई विधवा. पहिल्या नवऱ्याच्या नोकरीमुळे थोडेफार कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचे. पुन्हा लग्न केले तर ते बंद होणार. पुढे एका टेम्पोचालकाशी ओळख झाली. तो उत्तर प्रदेशातला, बायको वारलेला. दोघे एकत्र राहू लागले. मोहल्ल्याला वाटले, निकाह झाला असेल. तो झालाच नव्हता. 'पुढच्या ईदनंतर' असे म्हणत अकरा वर्षे गेली. मग भांडण झाले, बाईंना बाहेर पडावे लागले, आणि चार माणसांसमोर त्या गृहस्थांनी सांगून टाकले, "ही माझी बायकोच नाही. निकाहनामा असेल तर दाखवा."

जमातीतल्या बुजुर्गांपुढे प्रकरण गेले. त्यांनी विचारले, निकाह नाही ना? मग हक्क कसला? वर निवृत्तिवेतनाची लबाडी आणि इतक्या वर्षांचे गुनाह. तोबा करा आणि घरी जा.

खोटे कशाला बोला, आम्हीही तेच म्हणालो. शब्द जरा मऊ वापरले एवढेच. "आपा, निकाह असता तर काही करता आले असते."

बाईंनी कागद पिशवीत भरता भरता सांगितले, "सर, बांगड्या निकाहमधल्या नव्हत्या. माझ्या अम्मीच्या होत्या."

हे एक वाक्य आम्हाला बरेच दिवस पुरले. वाचकहो, या लेखात आम्ही जे मांडणार आहोत त्याचे मूळ त्या वाक्यात आहे.

निकाहमुळे स्त्रीला काय मिळते? मेहेर मिळतो, नफका म्हणजे अन्नवस्त्र-निवाऱ्याचा खर्च मिळतो, नवऱ्याच्या पश्चात वारसाहक्क मिळतो. निकाह नसेल तर यातले काहीच मागता येत नाही. इथपर्यंत बुजुर्गांचे म्हणणे बरोबर होते. पण स्त्रीची स्वतःची मालमत्ता? ती तिला निकाहने मिळालेलीच नसते. शरीयतमध्ये निकाह झाला म्हणून नवरा-बायकोचा माल एक होत नाही. बायकोची कमाई बायकोची, तिच्या माहेरचे सोने तिचे. आपले आलिम लोक ही गोष्ट जाहीर सभांत अभिमानाने सांगतात, आणि ती खरीही आहे. मग जो हक्क निकाहने दिलाच नाही, तो निकाह नसल्यामुळे जाईल कसा? बाई मेहेर मागत नव्हत्या, वारसा मागत नव्हत्या. आईच्या बांगड्या मागत होत्या.

दुसरी गोष्ट गुनाहची. अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क, हा फरक आपल्याकडे मदरशातले लहान मूलही सांगेल. निकाहविना एकत्र राहणे हा अल्लाहपुढचा गुनाह. त्याचा हिशेब दोघांनाही द्यायचा आहे आणि माफ करणारा तोच आहे. पण माणसाने माणसाचा माल दाबला, तर ज्याचा दाबला तो माफ करत नाही तोवर तोबा अपुरीच. बुजुर्गांनी बाईंना पहिल्या खात्याची आठवण करून दिली. त्या गृहस्थांना दुसऱ्या खात्याची आठवण कुणीच करून दिली नाही. गुनाह दोघांचा आणि दंड एकीला, हा कुठला इन्साफ?

हिजरतचा प्रसंग आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो. मक्केचे लोक रसूलल्लाहच्या जिवावर उठले होते. पण त्यांतल्याच अनेकांनी आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवल्या होत्या, कारण त्यांच्याइतका अमीन दुसरा कुणी नव्हता. मक्का सोडताना त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले, त्या ठेवी ज्याच्या त्याला पोचवण्यासाठी. ठेव ठेवणारा मोमिन आहे की नाही, दोस्त आहे की दुश्मन, हा प्रश्नच तिथे आला नाही. वर्गात हे सांगताना आमचा आवाज नेहमी चढतो. त्या वर्षी तो चढला नाही. जिवावर उठलेल्यांची अमानत परत करायची आणि अकरा वर्षे ज्या बाईने आपल्याला जेवू घातले तिची गिळायची, असा अर्थ आम्ही कुठून काढला होता?

आता प्रश्न असा की, परत द्यायचे म्हणजे नेमके किती? इथे भावनेने भागत नाही, हिशेब करावा लागतो. त्या दोन खोल्या २०१२ मध्ये सहा लाखांना घेतल्या. पाच तोळ्यांच्या बांगड्या विकून दीड लाख आले, ते सुरुवातीला दिले. बाकीची रक्कम त्या गृहस्थांनी टेम्पोच्या कमाईतून हप्त्याहप्त्याने फेडली. आज त्या खोल्यांची किंमत वीस लाख धरली जाते.

बांगड्या बक्षीस म्हणून दिल्या असतील, म्हणजे हिबा असेल, तर काहीच परत मिळणार नाही. कर्ज म्हणून पैसे दिले असतील तर दीड लाख. पैसे न देता सोनेच उसने दिले असेल तर पाच तोळे सोनेच परत करावे लागेल, आणि आज दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेलेला आहे. घरात भागीदारी म्हणून दिले असतील, म्हणजे शिरकत असेल, तर सहा लाखांतला दीड लाख हा चौथा हिस्सा आणि वीस लाखांचा चौथा हिस्सा पाच लाख. शून्यापासून पाच लाखांच्या वरपर्यंत कुठलाही आकडा निघू शकतो, आणि तो ठरतो बांगड्या काढून देताना मनात काय होते यावर. ते तर कुणी बोललेच नव्हते! सोनाराची पावती त्या गृहस्थांच्या नावाची होती, म्हणजे बांगड्या त्यांच्या हाती दिल्या गेल्या आणि त्यांनी विकल्या, एवढे मात्र त्या कागदाने सांगितले.

आम्ही बाईंना विचारले, "आपा, देताना काय म्हणून दिल्या?"

"काय म्हणणार? हमारा घर है, म्हणून दिल्या."

वर्गात आमची मुले एका ठिकाणी हमखास अडतात. मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. ऐकणाऱ्याला सोबत घेतले तर आपण, बाहेर ठेवले तर आम्ही. उर्दूत दोन्हींना 'हम'. त्यात उत्तर प्रदेशाकडची माणसे 'मी' म्हणायचे तिथेही 'हम' म्हणतात. अकरा वर्षे त्या घरात दोघेही 'हमारा घर' म्हणत होते. बाईंच्या मनात त्याचा अर्थ 'आपले घर' असा होता, आणि त्या गृहस्थांच्या मनात 'माझे घर' असा. भांडण होईपर्यंत हा फरक दोघांच्याही लक्षात आला नाही.

बांगड्यांचा निदान हिशेब मांडता येतो. शिवणकामाच्या पैशाचे काय? बाईंच्या कमाईतून किराणा, दूध, गॅस, औषधे. गृहस्थांच्या कमाईतून घराचे हप्ते. एकीची कमाई रोज शिजून संपत होती आणि दुसऱ्याची भिंतीत साठत होती. बाईंनी किराणा भरला नसता तर हप्ते वेळेवर गेले असते का? पण किराण्याची पावती कोण जपून ठेवतो!

हा पेच एकट्या आमच्या मोहल्ल्याचा नाही. इंग्लंडमध्ये १९८३ साली एका खटल्याचा निकाल लागला. स्त्री-पुरुष लग्नाविना एकोणीस वर्षे एकत्र राहिले, दोन मुले झाली. घर पुरुषाच्या नावावर, पैसेही त्याने भरलेले. बाईने घर सांभाळले, मुले वाढवली, पुढे स्वतःच्या कमाईतूनही घरात खर्च केला. अपील न्यायालयाने सांगितले, घराच्या किमतीत तिने पैसे घातल्याचे दिसत नाही, म्हणून घरात तिचा वाटा नाही. बायको असती तर न्यायाधीशांना वाटणी करून देण्याचा अधिकार असता. ती बायको नव्हती.

तिथेच २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात वेगळी वाट धरली. लग्न न केलेल्या जोडप्याने १९८५ मध्ये दोघांच्या नावावर घर घेतले होते. १९९३ मध्ये पुरुष निघून गेला. त्यानंतर घराचे हप्ते आणि मुलांचा खर्च बाईने एकटीने सोसला. कागदावर दोघांचा वाटा सारखा दिसत होता. न्यायालयाने इतक्या वर्षांचे दोघांचे वागणे पाहिले आणि बाईला ९० टक्के, पुरुषाला १० टक्के वाटा दिला. फरक लक्षात घ्या. कागदावर आधी बाईचे नाव होते, म्हणून पुढचा विचार तिच्या बाजूने झाला.

अमेरिकेत हॉलिवूडचा नट ली मार्विन याच्यावर त्याच्यासोबत काही वर्षे लग्नाविना राहिलेल्या गायिकेने दावा लावला होता. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व मांडले. दोन माणसे लग्नाविना एकत्र राहतात एवढ्यावरून त्यांच्यातला पैशाचा करार रद्द होत नाही. शरीरसंबंधाचा मोबदला म्हणून केलेला करार चालणार नाही, पण त्यापासून वेगळा काढता येणारा व्यवहार चालेल. पुढे त्या गायिकेला काही मिळाले नाही. १९७९ मध्ये मंजूर झालेली १,०४,००० डॉलरची रक्कम १९८१ मध्ये अपिलात रद्द झाली. तत्त्व मात्र टिकले. आम्हाला यात नवल वाटले ते एवढेच की, संबंधाचा गुनाह आणि पैशाचा हक्क वेगळे ठेवण्याची जी समज आपल्या दीनमध्ये पहिल्यापासून आहे, ती परक्या कोर्टाने वापरली आणि आमच्या जमातीत ती कुणाला आठवली नाही.

आपल्या देशाच्या कायद्यात काय आहे? कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा 'विवाहासारख्या संबंधा'तल्या स्त्रीलाही लागू होतो. त्यात तिला घरात राहण्याचा हक्क मागता येतो, पण त्याने घराची मालकी बदलत नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी सांगितल्या. दोघे लग्नाच्या वयाचे असावेत, एकमेकांशी लग्न करण्यास मोकळे असावेत, बराच काळ एकत्र राहिलेले असावेत आणि समाजात पतिपत्नी म्हणून वावरलेले असावेत. २०१३ च्या एका निकालात अठरा वर्षे सोबत राहिलेल्या बाईला या कायद्याचा आधार मिळाला नाही, कारण पुरुष विवाहित होता आणि ते तिला माहीत होते.

मालकीच्या वाटेत आणखी एक दगड आहे, १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा. २०१६ मध्ये तो आणखी कडक झाला. पैसे एकाने दिले आणि मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर घेतली, तर पैसे देणाऱ्याला नंतर 'खरा मालक मी' असा दावा करता येत नाही. पती-पत्नीला यात सूट आहे, पैसा ज्ञात उत्पन्नातला असला तर. विश्वस्ताच्या नात्याने मालमत्ता सांभाळणाऱ्यांचीही गोष्ट वेगळी. लग्नाविना राहणाऱ्या जोडीदाराचे नाव त्या सवलतीत नाही.

आमच्या बाईंना तर त्या घरात राहायचेही नव्हते. "तिथं पाऊल ठेवायचं नाही मला. माझं जेवढं आहे तेवढं द्या." तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढायची त्यांची ताकद नव्हती.

हे सगळे निकाह टाळणाऱ्यांचे प्रश्न आहेत, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणू नये. आमच्या कोकणातली अनेक घराणी इंग्लंडात आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला स्थायिक झाली. त्यांच्या मुलीबाळी ज्या कायद्याखाली नांदतात तो पाहा. लंडनमध्ये १९९८ साली एका जोडप्याचा निकाह झाला. इमाम होते, साक्षीदार होते, शंभरावर पाहुणे होते. पुढे चार मुले झाली. सरकारी नोंदणी तेवढी राहिली. बाई मागत राहिल्या, नवरा टाळत राहिला. २०१६ मध्ये दोघे वेगळे झाले तेव्हा नवऱ्याने कोर्टात भूमिका घेतली की कायद्याने आमचे लग्नच झालेले नाही. २०१८ मध्ये एका न्यायाधीशांनी बाईच्या बाजूने निकाल दिला, पण २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. इंग्लंडच्या कायद्याने तो विवाहच नव्हता, सदोष विवाहसुद्धा नव्हता. म्हणजे निकाह करूनही कायद्यापुढे त्या लग्नाविना राहणाऱ्या बाईच ठरल्या. दक्षिण आफ्रिकेत मुस्लिम विवाहांना कायद्यात जागा नसणे हे घटनाबाह्य आहे, असे तिथल्या घटनात्मक न्यायालयाने म्हणायला २०२२ साल उजाडले. घटस्फोटाच्या कायद्यात त्याप्रमाणे दुरुस्ती झाली ती २०२४ मध्ये.

भारतात निकाह वैध ठरायला सरकारी नोंदणीची अट नाही. सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी व्हावी असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले, तरी नोंदणी नाही म्हणून निकाह मोडत नाही. पण निकाहनामा हरवलेला, काझी वारलेले, साक्षीदार गावी गेलेले, अशी किती जोडपी आमच्याच गल्लीत आहेत! त्यांच्यातल्या एखाद्या नवऱ्याने उद्या "कागद दाखवा" म्हटले तर?

एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. अशा बाईला हक्क मिळवून दिला तर निकाहविना राहण्याला उत्तेजन मिळेल, असे बुजुर्ग म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण हिशेब उलटा करून पाहा. निकाह केला असता तर त्या गृहस्थांना मेहेर द्यावा लागला असता, नफका द्यावा लागला असता. निकाह टाळला म्हणून ते वाचले. आता निकाह टाळला म्हणून बांगड्याही पचल्या, तर निकाह टाळणारा पुरुष सगळीकडून फायद्यातच राहिला. यात उत्तेजन कुणाला मिळाले? ज्याचे त्याला परत द्यावे लागते हे कळले तर टाळाटाळ करणारा निदान एकदा विचार करील.

शेवटी आम्ही मशिदीचे हिशेब पाहणाऱ्या एका बुजुर्गांना सोबत घेऊन त्या गृहस्थांकडे गेलो. वहीत मांडलेले आकडे दाखवले. ते म्हणाले, "तिने खुशीने दिल्या होत्या." बुजुर्ग शांतपणे म्हणाले, "खुशीने दिल्या होत्या हे मला मान्य. तुमच्या घरात आपण राहणार नाही हे माहीत असते, तर खुशीने दिल्या असत्या का?" बराच वेळ कुणी बोलले नाही. तीन बैठका झाल्या. चार लाखांवर तडजोड झाली, हप्त्याने. किराण्याचा आणि शिवणकामाचा विषय आम्ही काढला, पण त्याला आकडा लावता आला नाही. तो हिशेब राहूनच गेला. कागद केला, दोन साक्षीदार घेतले. बाईंनी उर्दूत सही केली. त्या घराशी संबंध असलेल्या कागदावर त्यांचे नाव पहिल्यांदाच आले होते. आतापर्यंत अडीच लाख मिळाले आहेत.

कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत नमाजची नाही, रोजाचीही नाही. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. आणि आपल्याकडे घरातल्या घरात लिहायचे म्हटले की माणसे दुखावतात. विश्वास नाही का, म्हणतात. ज्यांच्यावर विश्वास असतो त्यांच्याशीच तर आपण न लिहिता व्यवहार करतो, आणि बुडतो तेही तिथेच.

कागद झाला त्या रात्री आम्ही घरी येऊन कपाटातून आमच्याच फ्लॅटची फाइल काढली. करारनाम्यावर एकच नाव होते, आमचे. पहिल्या भरण्याच्या वेळी बायकोने तिच्या माहेरचा हार विकायला दिला होता, हे आम्हाला पक्के आठवत होते. त्याची पावती मात्र सापडली नाही. आमच्या निकाहला तेरा वर्षे झाली, निकाहनामा फ्रेम करून भिंतीवर लावलेला आहे, आणि तरीही त्या घरात तिचा वाटा किती, हे एकाही कागदावर नव्हते. इतके दिवस आम्ही दुसऱ्याच्या अमानतीचा हिशेब करत होतो.

एक कागद घेतला. हाराचे वजन तिला विचारले. तिला ते ग्रॅमपर्यंत पाठ होते. तारीख घातली, हिस्सा लिहिला, सही केली आणि तिला सही करायला दिला.

ती म्हणाली, "हे आता कशाला? आपलंच तर आहे."

आम्ही म्हणालो, "आपलं आहे, तेच लिहिलंय."

आता नोंदणी कार्यालयात जाऊन तिचे नाव रीतसर चढवायचे आहे.